पुसलेल्या पाटीचा वास

१२ ऑक्टोबर, रविवार

नाही आला.

वसईहून मसाल्याची बाटली आली. दरवर्षीसारखीच. बिअरच्या तपकिरी बाटलीत ठासून भरलेला मसाला, बुचावर फडकं, वर दोऱ्याचे दहा वेढे. माझी मोठी बहीण आग्नेस एप्रिलच्या उन्हात मसाला वाळवते, कुटून घेते, आणि इकडे येणाऱ्या कुणाच्यातरी बॅगेतून पाठवते. सात महिने मी या बाटलीची वाट बघत होतो. म्हटलं, बाकी कशानं नाही तर हिनं तरी नाक उघडेल. लहानपणी ही बाटली उघडली की शेजारच्या तीन घरांत कळायचं.

बूच काढलं. नाक थेट बाटलीच्या तोंडाला लावलं. दोन सणसणीत शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मिरची झोंबली तेवढी कळली. वास काही नाही.

ज्युडिथ ओट्यापाशी होती. तिला लागोपाठ तीन शिंका. "यंदा आग्नेसनं मिरची जास्त घातलीय," म्हणाली. मी म्हटलं, "हो, आणि दगडफूल कमी." दगडफूल कमी! मला काय ठाऊक? तोंडाला आलं ते ठोकून दिलं.

मार्चमधल्या तापात नाक गेलं. आम्ही दोघं नवराबायको आठवडाभर पडून होतो. ती उठली आणि कामाला लागली. मी उठलो तो असा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. कुणाला सांगितलं नाही. ज्युडिथलाही नाही. या वहीत लिहितो, कारण दुसऱ्याची वही उघडणाऱ्यांतली ती नाही, आणि आमच्या मुलीला, केझियाला, मराठी वाचता येत नाही.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

एकोणीस वर्षं मी आल्मेरहोफच्या वाइन्स विकतोय, आधी स्टील प्लांटची नोकरी सांभाळून. आल्मेरहोफ म्हणजे जर्मनीतलं मोझेल नदीच्या उतारावरचं छोटंसं घराणं. हाइके नावाची बाई, तिचे द्राक्षाचे उतार, दोन-तीन माणसं. बस. ट्रेसीची कंपनी तो माल कॅनडात आणते. हॅमिल्टनपासून नायगऱ्यापर्यंतची रेस्टॉरंट्स माझ्याकडे. प्रत्येक बाटलीबरोबर एक कार्ड जातं. वास कसा, चव कशी, कशाबरोबर घ्यावी. ती कार्डं मी लिहितो. वाइन त्या कार्डांवर खपते असं ट्रेसीच म्हणते.

आज तिचा फोन. हाइके येतेय. "लिओ, आय वॉन्ट इट ॲट युअर प्लेस. डाउन इन द बेसमेंट. युअर मॉम्स रेसिपीज, हर वाइन्स." बावीस नोव्हेंबर, शनिवार. बारा पाहुणे, सगळे नामांकित रेस्टॉरंटांचे, शिवाय त्या दोघी. मग हळूच पुढचं सांगितलं. हाइके सगळ्या कॅनडासाठी एकच माणूस नेमणार आहे, चव आणि नाक दोन्ही शाबूत असलेला. तो मी व्हावं असं ट्रेसीला वाटतं.

"शुअर," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आपल्या सगळ्या गावात मी लिओनेल नाकवाला. पार्किंगमधूनच सांगायचो कुणाच्या घरी आज डुकराचं सॉरपोटेल शिजतंय. लग्नांत लोक ग्लास हातात देऊन परीक्षा घ्यायचे. एकसष्टाव्या वर्षी सगळ्यांसमोर सांगू, की आता मला सांडपाणी आणि शॅम्पेन सारखंच?


१९ ऑक्टोबर, रविवार

युक्ती चालू आहे. मे महिन्यापासूनची. चर्चमधल्या मिसाहून आलो की जेवणाबरोबर एक बाटली उघडायची, ज्युडिथच्या हातात ग्लास द्यायचा आणि तिची शिकवणी घेतल्यासारखं विचारायचं, "बघू, तुला काय येतंय?" ती बिचारी आधी विचारते, कुठल्या सालची, गोड की कोरडी. मग ग्लास नाकाशी धरून डोळे मिटते. बराच वेळ. तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतो मी.

आज २०१९ची काबिनेट. म्हणजे हलकी, किंचित गोडसर रीसलिंग, तिकडची पांढरी वाइन. डोळे मिटून म्हणाली, "पाटी. शाळेतली. थुंकी लावून बाहीनं पुसली की यायचा ना वास, तो."

अंगावर काटा आला. मोझेलचा तो सगळा उतार पाटीच्याच दगडाचा आहे! तिला मी कधी सांगितलं होतं? असेल सांगितलं. पण नाकानं ओळखायचं म्हणजे कमाल. तस्सं कार्डावर लिहिलं. संध्याकाळी ट्रेसीचा मेल — आजवरचं तुझं सगळ्यात छान कार्ड.

चोरीच आहे ही. निदान घरातल्या घरात.


२५ ऑक्टोबर, शनिवार

खालच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली.

आपल्या लोकांच्या घरांत इथे दोन स्वयंपाकघरं. वरचं लोकांना दाखवायचं, खालचं बोंबील तळायचं. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, एकदा मासळी तळली की आठवडाभर कोट वास मारतात. केझिया शाळेत असताना रडत घरी आली होती त्यावरून. तेव्हापासून आमचं सगळं तिखट-खारट बेसमेंटमध्ये. तिथेच वाइनची थंड खोली, तिथेच केझियाची जुनी खोली.

पण खाली विजेची दोन चकत्यांची शेगडी होती. चौदा माणसांचे फुगे काय त्यावर तळायचे? पिठाचे गोळे तेलात पडल्या पडल्या टम्म फुगायला हवेत, त्याला जाळ लागतो. चर्चमधलं एक कुटुंब रेजिना शहरात राहायला निघालंय, त्यांची मोठी शेगडी मिळाली. कपड्यांच्या ड्रायरसाठी गॅसचा पाइप होताच. खरं तर लायसन्सवाला माणूस बोलवायचा, परमिट काढायचं. पण त्यांच्या तारखा डिसेंबरातल्या. म्हणून नंदूला बोलावलं. नंदू मागच्या गल्लीतला, नागपूरचा, स्टील प्लांटमधून माझ्याआधी रिटायर झालेला.

"काहून घाबरतो बे? जनम गेला आपला पाइपा जोडण्यात." जोडली. जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. जाताना म्हणाला, "मागचा पाइप जुना आहे. हलवू नको हिला. हलवायची झाली तर मले फोन कर." मग हसून माझ्या नाकाकडे बोट केलं. "आणि लीक झाला तरी तुले का टेन्शन? तू तर एक मैलावरून सांगशील."

हसलो मी पण.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

नाक कापलं गेलं आज. नायगऱ्याच्या एका शेफनं मी नेलेली बाटली तोंडावर परत केली. बूच खराब. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतेय म्हणे, "कम ऑन, लिओ!" रविवारी घरी उघडली होती तीच बाटली. ज्युडिथनं तिच्यात पिकलेलं पीच सांगितलं होतं.

थकली असेल. एखाद्या दिवशी कुणाचंही नाक चुकतं.


९ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम केली. नंदू आणि त्याची बायको प्रमोदिनी पाहुणे म्हणून. जिभेवर अजून गोड, आंबट, खारट, कडू एवढं येतं. त्या चार खुंट्यांवर एकोणीस वर्षांचा अनुभव टांगायचा. असं ठरलं —

फुग्यांबरोबर फेसाळती रीसलिंग. तळलेल्याला बुडबुडे लागतातच.

तळलेल्या सुक्या बोंबलांबरोबर २०२४ची कोरडी. खारटाला आंबट. ही वाइन मात्र विचित्र आहे. हाइके तिला विकतचं यीस्ट घालत नाही, द्राक्षं आपली आपण आंबतात. अशा वाइनला पहिल्या वर्षी उघडल्या उघडल्या काडीपेटीचा, अगदी सडक्या अंड्याचासुद्धा वास येतो. धंद्यात त्याला लाडानं स्पॉन्टी म्हणतात. ग्लासात थोडी फिरवली की जातो.

डुकराच्या विंदालूबरोबर गोडसर श्पेटलेज. इथे मी कुणाचं ऐकत नाही. लोक तिखटाबरोबर लाल वाइन घेतात आणि तोंडाची आग आणखी भडकवून घेतात. तिखटाला गोडीच आवरते. प्रमोदिनी वाइन शिवतसुद्धा नाही, तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर पन्ह्यासारखं लागतंय."

शेवटी पेरूच्या वड्या आणि आउस्लेज, मधासारखी.

जेवण सुरेख झालं. सगळे गेल्यावर बसायची जागा मोजली. चौदा खुर्च्यांना टेबल पुरेना. शेगडी वीतभर मागे गेली तर बसतं. नंदूला परत कुठे बोलावायचं? खांदा लावला आणि ढकलली. मागे काहीतरी करकरलं. टेबल बसलं.


१० नोव्हेंबर, सोमवार

ज्युडिथला सहज विचारलं, "खाली कसला वास येतो का गं?"

"विंदालूचा येतो. आणखी कसला यायचाय?"

बरं वाटलं.


१५ नोव्हेंबर, शनिवार

केझिया आली. सस्काटूनहून विमानानं. सहावा महिना लागलाय, पोट दिसायला लागलंय. नवरा मार्क खाणीत शिफ्टवर, तो येणार नाही. नऊ वर्षांनी पोरगी पंधरा दिवस राहणार म्हणून ज्युडिथचे पाय जमिनीवर नाहीत.

विमानतळावर मिठी मारून लगेच मागे सरली. "डॅडी, युअर कोट. डांबरगोळी!" सध्या तिला सगळ्याचाच वास येतो म्हणाली. मार्कच्या साबणाचा, लिफ्टमधल्या माणसांचा, फ्रिजमधल्या काकडीचासुद्धा. मला हेवा वाटला. पोटच्या पोरीचा हेवा!

बॅग घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो. ती पायरीवरच थांबली.

"व्हॉट्स दॅट स्मेल? एग्ज? लाइक रॉटन एग्ज."

मी हसलो. स्पॉन्टीच्या दोन बाटल्या खाली उघड्या होत्या. तिला सगळं समजावलं, यीस्ट, मोझेल, पहिलं वर्ष. पटेना म्हणून ग्लासात ओतून नाकाशी धरली. तिनं नाक मुरडलं. "या... काइंड ऑफ लाइक दॅट."

झालं की मग.


१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच. सकाळी वर आली ती नाक दाबून. ज्युडिथ म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा मला बटाट्याचाही वास सोसायचा नाही. असं व्हायचंच." मायलेकी हसल्या.

गॅस हा शब्द आज पहिल्यांदा मनात आला; त्यालाही मुद्दाम तसाच सडक्या अंड्यांचा वास घालतात. आला तसा घालवला. ज्युडिथ दिवसातले चार-चार तास त्या शेगडीपाशी असते. वाइनमधली पाटी ओळखणारी बाई, तिला गॅस कळणार नाही? शिवाय भिंतीवर अलार्म आहे, हिरवा दिवा लागलेला. नंतर त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. तो धुराड्यातल्या विषारी वायूचा आहे, या गॅसचा नाही.

तरीही. ज्युडिथ आहे ना.


१७ नोव्हेंबर, सोमवार

केझियानं चहा बेसिनमध्ये ओतला. "मॉम, दूध नासलंय." ज्युडिथनं त्याच दुधाचा आम्हा तिघांचा चहा केला होता. मी तर अर्धा प्यायलो होतो. ज्युडिथ कार्टनवरची तारीख बघत राहिली. "दिसायला तर चांगलं होतं," म्हणाली.


१९ नोव्हेंबर, बुधवार

आज भांडण झालं. केझिया बेसमेंटची खिडकी उघडी टाकून झोपते. बाहेर उणे सहा! थंड खोलीचं दार त्या खिडकीसमोरच. हाइकेच्या वाइन्स बारा अंशांवर राहायला हव्यात, काटा सातावर. मी बंद करतो, ती उघडते.

"त्या बाटल्या तर तू वर नेल्यास, डॅडी. इट स्टिल स्मेल्स."

"मुरलाय वास. पडद्यांत जातो."

"आय हॅव अ हेडेक एव्हरी मॉर्निंग."

"वर सोफ्यावर झोप."

"माय बॅक, डॅडी."

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला येत नाही वास?" मराठीत विचारलं. पोरगी मराठीत बोलते तेव्हा गंभीर असते.

"येतो की. वाइनचा."

इथे खोटं लिहिणार नाही. गॅस कंपनीला फोन केला तर तासाभरात माणूस येतो. सगळ्यांना माहीत आहे हे. मला दोनच गोष्टींची भीती. एक, परमिट नाही म्हणून तो शेगडी बंद करेल आणि शनिवारचं जेवण बोंबलेल. दुसरी, जर खरंच काही असलं, तर तो सगळ्यांसमोर विचारेल — साहेब, इतका वास सुटलाय, तुम्हाला आला नाही? ही दुसरी भीती मोठी आहे. लिहिताना लाज वाटते, पण मोठी आहे.

फोन हातात घेतला होता. ठेवला.


२० नोव्हेंबर, गुरुवार

ज्युडिथनं विंदालू करून ठेवलं. दोन दिवस मुरायला हवं. शेगडी नीट पेटली, निळा जाळ. खिडकी उघडी होती. काही झालं नाही. काही असतं तर झालं नसतं का?


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हाइके टोरोंटोत उतरली. उद्या संध्याकाळी साडेसहा. कार्डं छापून झाली. बोंबील, पीठ, पेरूच्या वड्या तयार.

उणे अकरा होणार आज. थंड खोलीतला काटा पाचावर. केझिया ज्युडिथबरोबर बाहेर गेली होती तेवढ्यात मी खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला, कडेनं चिकटपट्टी मारली. वरून पडदा ओढला. तिला सांगितलं नाही. तिला काय, पडदा ओढलेला असला की खिडकीकडे लक्ष जात नाही. थंडी वाजली नाही तर उलट बरंच वाटेल.

माझी आई असती तर कान उपटला असता.


२३ नोव्हेंबर, रविवार

क्रमानं लिहितो.

काल केझिया सकाळी उठलीच नाही. डोकं जड, मळमळ. ज्युडिथ म्हणाली, झोपू दे. दुपारी तीनला हाइके आली, ठरल्यापेक्षा लवकर. पाहुण्यांआधी बाटल्या स्वतः उघडून बघायची तिची सवय. सत्तरीची, काटक बाई. कोट काढता काढता म्हणाली, "पाटी! ती पाटी लिहिणारा माणूस मला बघायचाच होता." आणि माझा हात दाबला.

ज्युडिथ खाली होती. तेलाची कढई शेगडीवर चढवलेली, पिठाचे गोळे ताटात, हातात लांब नळीचा लायटर. केझियाच्या खोलीचं दार लोटलेलं.

मी पुढे, हाइके मागे. उतरता उतरता मी ठरवलेला विनोद केला. "यू विल स्मेल युअर स्पॉन्टी!" मागून पावलं वाजेनात. वळून बघितलं. ती तिसऱ्या पायरीवर उभी, चेहरा पांढरा.

"नाइन," म्हणाली. म्हणजे नाही. "ही माझी वाइन नाही." आणि मग ओरडली, "गॅस! पेटवू नका!"

ज्युडिथचा अंगठा लायटरवर होता. ती हाइकेकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो म्हणून. आणि मी तिच्याकडे बघत होतो, ती काय म्हणते म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही दोघं नुसते एकमेकांची तोंडं बघत उभे. शेवटी हाइके आम्हाला बाजूला सारून खाली गेली आणि तिनं ज्युडिथच्या हातातून लायटर काढून घेतला.

केझियाला उचलूनच आणलं म्हणायचं. ती गुंगीत होती. कोट नाहीत, बूट नाहीत, चौघंही बर्फात. नंदू धावत आला. फायरवाले आले. गॅसचा माणूस यंत्र घेऊन खाली गेला आणि जवळजवळ लगेच वर आला, सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे जायला सांगितलं. दोन तासांनी शेगडीला बंदीचा लाल कागद लावून बाहेर आला. जेवण रद्द झालंच. मागचा जोड सैल झाला होता. थोडाथोडाच सुटत होता, पण खिडकी बंद झाल्यावर जायला वाट उरली नाही.

"शेगडी कुणी हलवली?"

"मी."

"खिडकी कुणी बंद केली?"

"मी."

नंदू खाली मान घालून उभा होता. गॅसवाल्यानं मला भीती वाटत होती तेच विचारलं. "अँड यू डिडन्ट स्मेल इट, सर?"

उत्तर केझियानं दिलं, ब्लँकेटमधून. "आय डिड. आय टोल्ड हिम. एव्हरी सिंगल डे."

हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवलं. बाळाचे ठोके ठीक आहेत. दोघंही ठीक आहेत. हे वाक्य पुन्हा लिहितो — दोघंही ठीक आहेत. सकाळी तिला घरी आणायला गेलो तर ती मैत्रिणीकडे निघाली होती. उद्याचं विमान आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळंतपणाला मी इथे येणार नाही. बाळालाही इथे आणणार नाही." मला बोलायचा हक्क नाही.

हाइके हॉस्पिटलच्या कॉफीच्या दुकानात माझी वाट बघत होती. "किती दिवस झाले?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. मार्च, ताप, कार्डं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मग पाटी कुणाची?"

"माझ्या बायकोची."

विचार करून म्हणाली, तर मग मला तुझी बायको हवी. तू जेवण जुळव, बोल, विक. नाक तिचं. दोघांना मिळून नेमते. मंगळवारी माझं विमान आहे, त्याआधी तिला विचार.

मला रडू आलं. लायकी नसताना एवढं मिळालं. उद्या केझिया गेली की ज्युडिथला सगळं सांगणार, माफी मागणार, आणि मग हे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. हाइकेला तिसऱ्या पायरीवर कळलं. ज्युडिथ शेगडीला टेकून उभी होती.


२४ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. ज्युडिथ कांदा चिरत होती, चिरत राहिली. मग म्हणाली, "मार्चपासून मलाही काही येत नाही, लिओ. तू ग्लास पुढे करायला लागलास तेव्हाच कळलं, तुझंही गेलंय. म्हटलं, एकाचं तरी आहे असं तुला वाटू दे. तुझी जुनी कार्डं वाचायचे. बाकीचं आठवून सांगायचे."

या वहीच्या पहिल्या दिवशी मसाल्याची बाटली उघडली तेव्हा तिला तीन शिंका आल्या होत्या. शिंका मलाही आल्या होत्या.